मानपत्रातली एक ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय राजाभाऊ, शुक्रवारची हक्काची सुट्टी मोडून आलेल्या प्रमुख पाहुण्या, शाळेच्या प्रिन्सिपल शहनाझ मॅडम, व्यासपीठावर बसलेले मान्यवर, खुर्ची न मिळाल्यामुळे खांबाला टेकलेले मान्यवर, दुबईच्या करामातल्या आमच्या बिल्डिंगमधली समस्त मंडळी, मागे मोबाईलमध्ये माना घालून बसलेली मुलं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो सत्कारमूर्ती, सव्वासहा फूट उंच आणि मंडळाच्या शालीत न मावणारा थोरगेइर एगिलसन. सगळ्यांना माझा नमस्कार.

एवढं राजाभाऊंनी लिहून दिलं होतं. पाठ करायला मला तीन दिवस लागले. 'खांबाला टेकलेले' तेवढे शब्द माझे. इथून पुढचं सगळं माझंच आहे, तेव्हा काही वाकडं निघालं तर राजाभाऊंना धरू नका. माझं शिक्षण चौथी. पण जुन्नरकडच्या शाळेत चौथीत मी दोन वर्षं काढली, तेव्हा पाचवी म्हणायलाही हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, फुटबॉलवाल्याचा निरोप समारंभ आणि ही म्हातारी कशाला उभी राहिली? बरोबर आहे. मलाही तेच वाटलं. पण सहा वर्षं हा माणूस दर शुक्रवारी आमच्याकडे जेवला. त्याचे गोल किती झाले हे इथे कुणाला माहीत नसेल, पण त्याला भाकरी किती लागतात ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पाच लागतात.

आत्ता राजाभाऊंनी मानपत्र वाचलं. फार सुरेख लिहिलंय. 'देदीप्यमान कारकीर्द' हा शब्द त्यांना दोनदा बोलावा लागला, तरी छान वाटला. वर काचेची फ्रेम आहे, एकशेवीस दिरहमची, म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये झाले. पण त्या मानपत्रातली एक ओळ खोटी आहे. राजाभाऊ, घाबरू नका, तुमचा दोष नाही. ती ओळ तुम्ही माझ्याकडूनच ऐकलीत. सहा वर्षं सगळ्या बिल्डिंगला मीच ती सांगत होते. कोणती ओळ, ते सांगते. त्यासाठीच उभी राहिलेय. पण आधी त्याची कारकीर्द, म्हणजे नियमाप्रमाणे झालं.

तर ही कारकीर्द देदीप्यमान वगैरे नव्हती. हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे. आमच्या कॉरिडॉरमध्ये स्टुलावर बसून तो माझ्यासोबत मेथी निवडायचा आणि सांगायचा. अर्धं हिंदी, पाव मराठी, उरलेलं हातवारे. त्याचं गाव आइसलँडमध्ये समुद्राच्या एका चिंचोळ्या फाट्यावर. गावात माणसं कमी, मेंढ्या जास्त. बाप एगिल, मासेमारीच्या बोटीवर. त्यांच्यात आडनाव नसतं, बापाचंच नाव पुढे लावतात, एगिलचा मुलगा म्हणून एगिलसन. मला ते नाव काही जमेना, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याला थोरला म्हणते. त्याने कधी हरकत घेतली नाही. हरकत घेण्याएवढं मराठी त्याला तेव्हा येत नव्हतं.

मुरमाच्या मैदानावर तो खेळायला शिकला. पडलं की गुडघे सोलून निघायचे. तिथून नॉर्वे, मग स्कॉटलंड, बेल्जियम, तुर्कस्तान, सायप्रस, मलेशिया आणि शेवटी इथे. स्वतःचा देश धरून आठ देश, अकरा क्लब. मी त्याला विचारलं, एका जागी का नाही रे टिकलास? माझ्या सासूबाई म्हणायच्या तसं, याच्या पायाला भिंगरी आहे की लोक हाकलून देतात? तर म्हणाला, "आज्जी, चांगल्या प्लेयरला विकत घेतात. वाईटाला काढून टाकतात. मधल्याला फिरवतात."

हा मधला. हे त्याला सोळाव्या वर्षी कळलं होतं, आणि कळूनही तो अठरा वर्षं खेळला. आपल्यातल्या किती जणांना आपण मधले आहोत हे कळतं? राजाभाऊ, मी तुमच्याकडे बघून बोलले नाही.

काम काय, तर डिफेन्डर. मागे उभं राहायचं आणि येणाऱ्याला अडवायचं. मला वाटायचं, ज्यांना पळता येत नाही त्यांना मागे ठेवतात. त्याला तसं बोलूनही दाखवलं. अठरा वर्षांत गोल किती? सहा. मी म्हटलं, अरे, सहा? माझ्या मुलाने, सुजीतने, एका वर्षात तीन कंपन्या बदलल्या, तू तीन वर्षांत एक गोल? त्यावर तो म्हणाला, तुर्कस्तानातला धरला तर सात होतात. तो त्याने स्वतःच्याच टीमवर केला होता. बाहेर आल्यावर लोकांनी त्याच्या गाडीवर टोमॅटो मारले. बिचारा सांगतो, टोमॅटो चांगले होते, पिकलेले.

देशाकडून तो दोनदा खेळला. दुसऱ्या वेळी चार मिनिटं. त्याच्या देशाची लोकसंख्या तीन लाख. आमच्या एकट्या जुन्नर तालुक्यात त्याहून जास्त माणसं आहेत. एवढ्याशा देशात नंबर लागला नसता तरच लाज होती, हे मी नाही, तोच म्हणतो.

आणि या अकरा क्लबांचे त्याने अकरा शर्ट जपून ठेवले होते. त्यातले दहा आता बॅगेत आहेत. अकरावा कुठे गेला? तोही मीच खाल्ला. कॉरिडॉरच्या दोरीवर एक विटका निळा शर्ट वाळत होता, काखेत फाटलेला. मला वाटलं समोरच्या दारातल्या रॉकचा असेल, टाकायला काढला असेल. त्याची दोन फडकी केली, एक ओट्याला आणि एक गॅसला. तो नॉर्वेचा होता. आयुष्यात त्याने एकदाच कप जिंकला, त्या मॅचचा. दोन महिन्यांनी तो आमच्या स्वयंपाकघरात आला आणि ओट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, नंबर पाच. मी म्हटलं, काय नंबर पाच? फडक्यावर पाचाचा अर्धा आकडा उरला होता. चिडला नाही. म्हणाला, ठीक है, मीपण त्या टीममध्ये साफसफाईच करत होतो. असा माणूस.

आता तो आपल्याकडे कसा आला ते सांगते. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो खोर फक्कानकडच्या एका लहान क्लबात आला, एका वर्षाच्या करारावर. समोर समुद्र, बंदर, मागे डोंगर. आपलंच गाव वाटलं म्हणाला, फक्त कुणीतरी भट्टीत ठेवलेलं. सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या देशातल्या बँका एका आठवड्यात बुडाल्या. त्याचे अकरा क्लबांचे पैसे तिथे होते. त्याचा चुलतभाऊ बँकेत होता, त्याने सांगितलं होतं की इथेच ठेव, देश थोडाच बुडतो. वर आईच्या घरावरचं कर्ज त्याच चुलतभावाने जपानच्या येनमध्ये काढून दिलेलं, स्वस्त पडतं म्हणून. ते बसल्या जागी दुप्पट झालं. ज्या बाईने कधी जपानी माणूस बघितला नाही, तिच्या घरावर जपानचं कर्ज.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. क्रेन होत्या तिथे थांबल्या. लोक एअरपोर्टवर गाड्या टाकून, किल्ल्या आत ठेवून गेले. फेब्रुवारीत आमच्या सुजीतला नोटीस मिळाली. सूनबाई मृणालिनीची नोकरी टिकली म्हणून आम्ही टिकलो. सुजीत सकाळी शर्ट इन करून लॅपटॉप उघडून बसायचा आणि दुपारी गुपचूप कुकर लावायचा. पुढे त्याला अल ऐनला काम लागलं, पण ते वर्षभराने.

मे महिन्यात थोरल्याचा करार संपला. क्लबाचं घर सुटलं. खोली शोधत तो करामात आला. आमच्या समोरच्या दारात डॉली आणि रॉक राहतात, वसईचे. त्यांना एक खोली भाड्याने द्यायची होती. सात जण बघून गेले होते, सातही पळाले, कारण डॉलीच्या घरात सुकट असते. आठवा हा आला. डॉली तेव्हा बोंबील भाजत होती. याने दारातच डोळे मिटले आणि वास घेतला. तिकडे त्याच्या गावात मासे वाऱ्यावर वाळवतात आणि लोणी लावून खातात म्हणे. खोली न बघताच हो म्हणाला. डॉली मला आजवर सांगते, आंटी, अख्ख्या दुबईत माझ्या घराच्या वासासाठी आलेला हा एकच भाडेकरू.

अशा रीतीने आमच्या एका कॉरिडॉरमध्ये दोन बेकार पुरुष जमा झाले. एक इंजिनियर आणि एक फुटबॉलवाला. आणि मी, जिचं ऐकायला आता घरात हक्काची दोन माणसं होती.

जूनच्या शेवटी थोरल्याला फोन आला. कतारचा एक क्लब, दोन वर्षांचा करार. वय चौतीस, म्हणजे शेवटचाच. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि बोटं मोजून दाखवायला लागला. दोन वर्षं खेळलं की आईचं घर सुटतं. मग गावी जायचं, एक लहानशी बोट घ्यायची, खलास. अट एकच होती, डॉक्टरी तपासणी. ती इथेच दुबईत, एका क्लिनिकमध्ये, चार दिवसांनी.

आणि त्याचा डावा गुडघा दुखत होता.

आता शहनाझ मॅडमना माझी नात इरा कानात सगळं हिंदीतून सांगतेय. इरा, इथून पुढचं नीट सांग, गाळू नकोस.

मॅडम, आमच्याकडे बिब्बा म्हणून एक बी असतं. काळं, सुपारीहून लहान. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं. त्या तेलाचे ठिपके दुखऱ्या सांध्यावर द्यायचे. जहाल असतं. कातडी काळी पडते, कधी कधी उततो, म्हणजे अंगावर फोड येतात. पण दुखणं पळतं. माझ्या नवऱ्याची कंबर मी बारा वर्षं बिब्ब्यावर चालवली. सुजीतने मला इथे आणताना फोनवर दहा वेळा बजावलं होतं, आई, खसखस आणू नकोस, इथे खसखशीला जेल आहे. मी खसखस नाही आणली. बिब्बे आणले, पापडाच्या डब्यात, तळाशी. खसखस आणली असती तर मी एकटीच आत गेले असते. बिब्बे आणले आणि दुसऱ्याचं वाटोळं झालं.

तपासणीच्या तीन दिवस आधी मी थोरल्याला खुर्चीवर बसवलं. डॉली म्हणाली, आंटी, राहू द्या, क्रीम लावू या. मी म्हटलं, तुमच्या क्रीमने माणसाचा गुडघा बरा होत असता तर हॉस्पिटलं बंद पडली असती. मी इतकी हुशार. दिवा लावला, सुई घेतली, गुडघ्याच्या वाटीभोवती नऊ ठिपके दिले. आमच्याकडे पाच देतात. त्याचा गुडघा मोठा होता म्हणून मी चार वाढवले. आमची कातडी उन्हात कमावलेली, याची दुधावरच्या सायीसारखी. हे माझ्या डोक्यात यायला नको? मी त्याला सहा फूट बघितला, साय नाही बघितली.

दुसऱ्या दिवशी गुडघा फणसासारखा झाला. फोड, पाणी, सूज. मी खोबरेल लावलं, कोथिंबिरीचा रस लावला. सुजीत मला म्हणाला, आई, हे तू काय केलंस. मी त्याला म्हटलं, तू तुझा कुकर बघ.

आणि घाबरले. थोरल्यासाठी नाही, मॅडम. स्वतःसाठी घाबरले. मला वाटलं, डॉक्टरने विचारलं आणि याने बिब्ब्याचं नाव घेतलं, तर माझ्या डब्याची झडती होणार. इथे बिब्ब्याला बंदी आहे की नाही, मला आजही माहीत नाही. पण मी त्याच्यासमोर तोंडावर बोट ठेवलं आणि म्हटलं, किसी को बोलना नहीं, आज्जी को विमान में डाल देंगे. बोलून मी विसरले. तो नाही विसरला.

तपासणीला गेला आणि दुपारी परत आला. करार गेला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "गुडघा, आज्जी. आतून खराब. पहिल्यापासून गेला होता."

मला केवढं हलकं वाटलं, ते मी आज सांगते, कारण खोटं बोलायचं वय राहिलं नाही. मी लगेच डॉलीला सांगितलं, बघ, आतूनच गेला होता, बिब्बा काय करणार? मग लिफ्टमध्ये सांगितलं. मग मंडळाच्या हळदीकुंकवाला सांगितलं. पुढे तर मी इतकी धीट झाले की म्हणायला लागले, बिब्बा लावला म्हणून निदान चालतोय तरी. कुणी कामात मोडता घातला की आपल्यात बिब्ब्यावरून जे म्हणतात ते कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही, हा तुमचा सगळ्यांचा चांगुलपणा.

त्याच्या आईचं घर पुढच्या वर्षी विकलं गेलं. आता ती मोठ्या गावात दोन खोल्यांत राहते.

थोरला इथेच राहिला. शहनाझ मॅडमनी त्याला शाळेत पीटीचा सर म्हणून घेतलं, व्हिसा दिला, म्हणून राहिला. मॅडम, त्याबद्दल मंडळातर्फे नाही, माझ्यातर्फे तुमचे आभार. आणि दर शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमागच्या पार्किंगच्या रेतीत त्याने आपल्या पोरांना खेळवलं. मुरमावर शिकलेला माणूस, रेती त्याला गादीसारखी वाटली असणार. मी वरून बाल्कनीतून ओरडायचे. मला नियम एकच माहीत, की हाताने खेळायचं नाही, पण ओरडायला तेवढा पुरतो. त्याने एकाही पोराला स्टार बनवलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, सगळे मधले आहेत, आज्जी, पण एकमेकांना पास देतात. आमची इरा घरात पाण्याचा ग्लास देत नव्हती, ती पास द्यायला लागली. मग खेळून झालं की आमच्याकडे जेवण. ताटावर बसला की मी विचारायचे, गुडघा कसा आहे रे? तो म्हणायचा, चलता है. मी म्हणायचे, चालणारच, माझा बिब्बा आहे. आणि त्याला आणखी एक भाकरी वाढायचे. सहा वर्षं हा आमचा ठरलेला संवाद. वर्षाचे पन्नास शुक्रवार धरा. तीनशे वेळा मी या माणसाला तोंडावर हे ऐकवलं आणि तीनशे वेळा तो मान खाली घालून जेवला.

राजाभाऊ घड्याळ बघतायत. राजाभाऊ, तुम्ही पंचवीस मिनिटं बोललात, मी मोजली आहेत.

आता तो आईकडे कायमचा निघालाय, म्हणून गेल्या शनिवारी इरा त्याला सामान बांधायला मदत करायला गेली. मीही गेले, मदतीला नाही, काय काय नेतोय ते बघायला. शर्टांच्या खाली एक प्लास्टिकची फाईल होती. इराने उघडली. त्या क्लिनिकचा कागद निघाला. थोरला खाली रॉकबरोबर टेप आणायला गेला होता. मी इराला म्हटलं, वाच गं, काय झालं होतं त्याच्या गुडघ्याला, ते तरी कळू दे. तिने वाचलं आणि परत वरपासून वाचायला लागली. मी म्हटलं, काय झालं?

"आज्जी, इट सेज फिट टू प्ले."

मी म्हटलं, मराठीत सांग. तिने सांगितलं. गुडघ्याला जुनी दुखापत आहे, पण पक्का आहे, दोन वर्षं खेळायला काही अडचण नाही. त्याच्या खाली लिहिलेलं होतं, की गुडघ्यावर फोड आहेत, कसले ते कळत नाही, संसर्गाचे असू शकतात. आणि खेळाडूंची नावं नोंदवायची मुदत दोन दिवसांवर आली आहे, तोवर खात्री करता येणार नाही, म्हणून सध्या घेऊ नये. त्याच्याही खाली एक ओळ होती. फोड कशाने आले असं विचारलं असता, पेशंटने आपल्याला माहीत नाही असं सांगितलं.

इराने ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा मीच सांगितलं वाच म्हणून. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, चौथीच्या डोक्याला कळत नसेल.

त्याने नुसतं सांगितलं असतं, की म्हाताऱ्या शेजारणीने गावठी औषध लावलं, तर डॉक्टर हसला असता. आठ दिवसांत कातडी भरते, एवढं लिहून त्याने सही केली असती. पण याला सांगितलेलं होतं ना, किसी को बोलना नहीं. मी विमानात जाऊ नये म्हणून हा कतारच्या विमानात बसला नाही.

तो वर आला. माझ्या हातात कागद बघितला. उलटाच धरला होता मी. त्याने तो सरळ करून दिला.

मी म्हटलं, सहा वर्षं तू मला का नाही बोललास? तीनशे शुक्रवार मी तुझ्या गुडघ्याच्या नावाने बिब्ब्याची टिमकी वाजवली. एकदा तरी ताट सारून उठायचं होतंस. तर हा काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत सांगते.

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी गोड बोलला असता, आज्जी. गोड बोलणारे लोक मला आठ देशांत मिळाले."

आणि टेप घेऊन खोकं बंद करायला बसला.

मला रडू वगैरे आलं नाही. तो माझा स्वभाव नाही, आणि ते कुणाला बघवतही नाही. मला राग आला. माझाच. पापडाचा डबा काढला, तळाशी अजून चार बिब्बे होते, ते कचऱ्यात टाकले. मग परत उचलले, म्हटलं मांजर खाईल, आणि कागदात बांधून टाकले. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणतात. मला बहात्तराव्या वर्षी आलं, तेही दुसऱ्याच्या फाईलमधून.

तर राजाभाऊ, आता ती ओळ. मानपत्रात तुम्ही लिहिलंय, 'गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांची कारकीर्द अकाली थांबली.' ती खोडा. मला माहीत आहे फ्रेम झालेली आहे, काच बसवलेली आहे. काच काढा. फ्रेमवाल्याचे पैसे मृणालिनी देईल, मी तिला अजून विचारलेलं नाही. तिथे लिहा, गुडघा चांगला होता. मधला होता, पण चांगला होता, आणि अजून दोन वर्षं चालला असता. जुन्नरच्या एका म्हातारीने तो बिघडवला, आणि त्याने तिचं नाव सांगितलं नाही. अक्षर चांगलं काढा. तो ते तिकडे भिंतीवर लावणार आहे, दोन खोल्यांत. तिथे त्याची आई येता-जाता बघणार. तिला मराठी वाचता येत नाही, पण हा वाचून दाखवेल. थोरल्या, वाचून दाखव. या वेळी तोंडावर बोट ठेवायचं नाही.

तुझ्या बॅगेत मी मेतकूट ठेवलंय आणि डॉलीने सुकट ठेवलीय. बिब्बा नाही. एअरपोर्टवर हव्या त्या माणसाने उघडून बघावं. नॉर्वेच्या शर्टाचं एक फडकं पार चिंध्या झालं, पण गॅसचं धुवून ठेवलंय, त्यावर पाचाचा दुसरा अर्धा आकडा आहे. तेही घातलंय. लोणी लावून खाऊ नकोस, पुसायलाच वापर.

मंडळाने मला बोलू दिलं, हॉलवाल्याने एसी चालू ठेवला, शहनाझ मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि इराने मला वाटतं काही गाळलं नाही, या सगळ्यांची मी ऋणी आहे. भाषण संपवताना वक्ते चूकभूल पदरात घ्या म्हणतात. भूल मी मागत नाही. भूल म्हणावी तर मी पूर्ण शुद्धीत होते, दिवाही मीच लावला होता. चूक होती. ती तुम्ही कुणी पदरात घ्यायची नाही, तिचा मालक समोर शाल सावरत बसलाय. थोरल्या, माफ कर. गोड बोलत नाहीये, माफीच मागतेय.

जेवण तयार आहे. पण मंडळी, अजून उठू नका आणि टाळ्याही वाजवू नका. त्याला मराठी कळतं, पण थोडं उशिरा कळतं. त्याच्यापर्यंत पोचू दे.